कॉबल्सचा मोसम तोंडावर आलाय: तुम्ही कुठल्या दगडांची वाट बघताय?

पुणे (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. जानेवारीत पुणे ग्रँड टूर या सायकल शर्यतीसाठी रस्त्याच्या कडेला उभं राहून ओरडून झालं, बसलेला घसाही सुटला. आता खरा उपास सोडायची वेळ जवळ आली आहे. २८ फेब्रुवारी २०२६ ला ओमलूप (बेल्जियमच्या मोसमाची सलामीची शर्यत), मार्चअखेर शर्यतींचा तो भरगच्च आठवडा, ५ एप्रिलला टूर ऑफ फ्लँडर्स आणि १२ एप्रिलला पॅरिस–रूबे.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. या एकेका दिवसाच्या शर्यती. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात आणि उत्तर फ्रान्समध्ये जुन्या दगडी फरसबंदीचे (म्हणजेच कॉबल्सचे) अरुंद रस्ते अजून टिकून आहेत, त्यांवरून अडीचशे किलोमीटरच्या आसपास शर्यत जाते. टूर दे फ्रान्समध्ये आज पंक्चर झालं तर उद्या भरपाई करता येते. इथे पंक्चर झालं की वर्षभर थांबा.

जिंकणार कोण यावर सगळीकडे वाद चालूच आहेत, ते इथे नकोत. मला हवाय तुमचा अनुभव. हिवाळाभर तुम्ही नेमक्या कुठल्या तुकड्याची, कुठल्या वळणाची वाट बघत असता, आणि का?

आइंडहोवन, नेदरलँड्स

आउडे क्वारेमॉन्ट, टूर ऑफ फ्लँडर्समधला दगडी चढ. दुसरं उत्तरच नाही.

आम्ही इकडची काही मराठी मंडळी दरवर्षी फ्लँडर्सला जातो. सकाळी लवकर गाडी काढायची, कारण जवळचे रस्ते बंद होतात आणि पुढे शेतांतून चालत जावं लागतं. चढ दोन किलोमीटरहून थोडा जास्त, टीव्हीवर अगदीच सौम्य वाटतो. जागेवर गेलात की कळतं, दगड एका पातळीत नाहीतच. मधे उंचवटा, कडेला चिखलाची चारी, आणि दोन दगडांमध्ये चपलेचा अंगठा अडकेल एवढी फट.

पुरुषांची शर्यत इथून तीनदा जाते. आधी हेलिकॉप्टर ऐकू येतं. मग खालच्या बाजूने आरडाओरडा वर सरकत येतो. मग मोटारसायकली, आणि मग एकदम तो आवाज: शंभर साखळ्या एकाच वेळी खडखडताहेत. मी कुंपणाला टेकून उभा असतो, त्यामुळे खेळाडू हातभर अंतरावरून जातात. मला कायम लक्षात राहतात ते त्यांचे गाल. मांडीचे स्नायू टीव्हीवर दिसतात, पण दगडांच्या हादऱ्यांनी गाल थरथरताना फक्त तिथेच दिसतात. खालचा ओठ लोंबतो, लाळ गळते, डोळे मात्र पुढच्या चाकावर खिळलेले.

शेजारी हमखास एखादे आजोबा असतात, हातात बिअर, कानाला रेडिओ. आपल्याला त्यांची डच धड समजत नाही (तिकडची बोली वेगळीच आहे), पण कोण मागे पडलं ते बोटांनी सांगतात. मधल्या वेळात फ्रेंच फ्राइजच्या रांगेत उभं राहायचं. माझी बायको म्हणते, तू सायकली बघायला जातोस की बटाटे खायला? दोन्ही.

नाशिक

माझी सुरुवात थेट रूबेने झाली. २ ऑक्टोबर २०२१, महिलांची पहिलीवहिली पॅरिस–रूबे. पुरुषांची १८९६ पासून चालू आहे आणि बायकांना १२५ वर्षांनी रस्ता मिळाला, तोही कोविडमुळे एप्रिलऐवजी पावसाळी ऑक्टोबरमध्ये.

मी सहज लावून बसले होते. लिझी डायग्नन पहिला कॉबल्सचा टप्पा यायच्या आधीच सुटली आणि शेवटपर्यंत, म्हणजे ८० किलोमीटरच्या वर, एकटीच चालवत राहिली. ओल्या दगडांवर मागचं चाक असं काही घसरत होतं की मी सोफ्याचा हात धरून ठेवला होता. शेवटी व्हेलोड्रोममध्ये (रूबेतला सायकलींचा गोल ट्रॅक, शर्यत तिथे संपते) आली तेव्हा तिच्या हँडलच्या पांढऱ्या टेपवर रक्त होतं. तळहात सोलवटले होते. आणि बक्षीस? १,५३५ युरो. पुरुष विजेत्याला ३० हजार. पुढे तिच्या संघाने आपल्या खिशातून फरक भरून दिला, पण तो आकडा काही माझ्या डोक्यातून जात नाही.

सासरे तेव्हा शेजारी बसून बघत होते. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "अगं, एवढी वर्षं झाली, या लोकांना साधा रस्ता दुरुस्त करता येत नाही?" मी त्यांना सांगितलं की तिथे एक स्वयंसेवी संस्थाच आहे, 'पॅरिस–रूबेचे मित्र' नावाची. निखळलेले दगड परत बसवतात, चिखल काढतात, कोणी डांबर टाकायला आलं तर आडवे पडतात. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आपल्याकडे पाठव त्यांना. म्हणावं, खड्डे आयते आहेत, फक्त राखायचे."

आता दर एप्रिलला तेच विचारतात, "ती खड्ड्यांची शर्यत कधी आहे?"

कोल्हापूर

मी ब्रेव्हे करणारा माणूस, लांब अंतराची सवय आहे. रूबेच्या आदल्या दिवशी सामान्य लोकांसाठी त्याच रस्त्यांवर चॅलेंज असतं, ते केलं. जाणाऱ्यांसाठी उपयोगाचं लिहितो.

टायर ३२ मिमी किंवा त्याहून रुंद घ्या, हवा कमी. घरी वाटते त्याहूनही कमी. हँडल घट्ट धरलंत तर दुसऱ्या टप्प्यापर्यंत बोटं बधिर. सैल धरा, सायकलला तिचं ती नाचू द्या. गिअर जड ठेवा आणि वेग सोडू नका, हळू गेलात की प्रत्येक दगड वेगळा मोजावा लागतो. रस्त्याच्या मधल्या उंचवट्यावर राहा, कडेची मऊ माती मोहात पाडते पण काचा आणि टोकदार खडे तिथेच असतात. बाटलीचे पिंजरे घट्ट करून घ्या. आरेनबर्गच्या तोंडाशी उडून पडलेल्या बाटल्यांचा सडा असतो.

आरेनबर्गबद्दल एक सांगायलाच हवं. जंगलातून सरळ जाणारा सव्वादोन किलोमीटरचा पट्टा, शेजारी बंद पडलेली कोळशाची खाण. १९६८ मध्ये हा रस्ता शर्यतीत आला तो झाँ स्टाब्लिन्स्कीच्या सांगण्यावरून. तो स्वतः विश्वविजेता, पण त्याआधी याच खाणीत कामगार होता. म्हणजे या रस्त्याच्या खाली राबलेला आणि वरून शर्यतीत धावलेला माणूस. सायकल खाण्यापिण्याच्या थांब्यावर टेकवून ती खाणीची मनोरे-चाकं बघत मी बराच वेळ उभा होतो. मागून येणाऱ्याने शिवी दिली, फ्रेंचमध्ये असल्याने गोड वाटली.

२०२४ च्या आधी त्या जंगलात दगडांमधलं गवत काढायला शेळ्या सोडल्या होत्या, हे ऐकून आमच्या गावात माझी इज्जत थोडी वाढली.

ठाणे

एकच शब्द: द्वार्स २०२५ (फ्लँडर्सच्या आधीच्या बुधवारची बेल्जियन शर्यत).

व्हिस्मा संघाचे तीन खेळाडू आणि समोर दुसऱ्या संघाचा एकटा पॉवलेस. व्हिस्माच्या वाउट फान आर्टसाठी सगळी मांडणी. आणि स्प्रिंटमध्ये पॉवलेस जिंकला. त्याच्या आदल्या वर्षी वाउट याच शर्यतीत पडून हाडं मोडून घेतलेला. मी त्या बुधवारी रात्री जेवलो नाही. तरी यंदा पुन्हा त्याचीच टोपी घालून बसणार. फ्लँडर्स नाही, रूबे नाही, निदान एक तरी द्या हो त्याला.

लील, फ्रान्स

इथे शिकायला आले तेव्हा सायकलिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं. रूबे म्हणजे मेट्रोच्या वाटेवरचं एक गाव एवढंच. वर्गातल्या एकीने व्हेलोड्रोमला नेलं. उघडा, जुना, काँक्रीटचा. आडदिवशी शाळेतली पोरंही फिरत असतात. खेळाडूंच्या न्हाणीघरात काँक्रीटचे कमरेएवढे आडोसे आहेत आणि प्रत्येकावर एकेका जुन्या विजेत्याच्या नावाची पितळी पट्टी. वरून साखळी ओढायची की पाणी. आता मोठ्या संघांच्या आलिशान बसमध्ये शॉवर असतात, तरी काही जण मुद्दाम इथे येतात.

दुसरी गोष्ट सायकलिंगची नाही, पण याच मातीतली. लीलच्या पश्चिमेला नव्ह-शापेल नावाचं खेडं आहे. तिथे पहिल्या महायुद्धातल्या भारतीय सैनिकांचं स्मारक आहे. ऑक्टोबर १९१४ मध्ये या गावावरच्या हल्ल्यात ४७ शीख पलटणीबरोबर सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या होत्या. हे सॅपर्स, म्हणजे लष्करातले अभियंते जवान, आपल्या खडकीचे. माझं माहेर खडकीतलं, त्या छावणीच्या भिंतीवरून शाळेत गेले आहे. रूबेला 'उत्तरेचा नरक' म्हणायला लागले ते १९१९ मध्ये, युद्धाने उद्ध्वस्त झालेला हा मुलूख शर्यतीचा मार्ग बघायला आलेल्यांनी पाहिला तेव्हापासून. समालोचक ते नाव उत्साहात ओरडतो तेव्हा मला आता दगडांऐवजी तेच आठवतं. असो. तरी बघते, आणि कारफूर द लार्ब्र हा शेवटाकडचा अवघड दगडी टप्पा आला की उभी राहून बघते.

नागपूर

धागाकर्त्याची अट मोडतो, क्षमस्व. कोण जिंकणार हे बोलल्याशिवाय वाट कसली बघायची?

माट्यू फान डर पूलने फ्लँडर्स तीनदा जिंकलंय, चौथं मिळालं तर विजेत्यांच्या यादीत तो एकटाच वर. रूबेही सलग तीनदा, चौथं म्हणजे चारदा जिंकलेल्या डी व्हलामिंक आणि बूननची बरोबरी. समोर पोगाचार, ज्याच्याकडे मोन्युमेंट्सपैकी (एकदिवसीय शर्यतींतल्या सर्वांत मानाच्या पाच) फक्त सान रेमो आणि रूबे नाहीत. गेल्या वर्षी पहिल्याच रूबेत दुसरा आला, तोही एका उजव्या वळणावर सरळ बाहेर गेल्यावर. टूर दे फ्रान्स जिंकणारा हलका माणूस या दगडांवर येऊन हे करतो, हे आमच्या लहानपणी कोणी सांगितलं असतं तर हसलो असतो.

मला मात्र मनापासून मॅथ्यू हेमनसारखा कोणीतरी हवाय. २०१६ च्या ओमलूपमध्ये हात मोडला, घरात ट्रेनरवर सायकल मारली, आणि सहा आठवड्यांनी त्याच बूननला मागे टाकून रूबे घेतली. बूननची पाचवी हुकली ती हुकलीच.

फ्लँडर्सच्या शर्यतीतल्या पाटरबर्गबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून जाता जाता: एका शेतकऱ्याने आपल्या शेताजवळून शर्यत जावी म्हणून तो चढ फरसबंद करून घेतला असं सांगतात. १९८६ पासून शर्यत खरंच तिथून जाते. जेमतेम चारशे मीटर, पण चढ २० टक्क्यांच्या घरात. असा हट्टी माणूस आमच्या भावकीत पण आहे, फक्त त्याने बांध कोरला.

डोंबिवली

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर ५ एप्रिलला पडदा लावतोय. अँटवर्पहून सुरुवात आपल्या दुपारी दीडच्या आसपास, पण दुपारी उन्हात कोणी येऊ नका, पहिले दोन तास काही घडत नाही. साडेपाचला या. शेवटचा क्वारेमॉन्ट साडेसातनंतर आणि निकाल आठच्या सुमारास. भजी आमच्याकडे, खुर्ची आपापली आणा, आणि ठाण्याच्या भाऊंना वाउटची टोपी घालून पहिल्या रांगेत जागा राखीव.