युद्धपटातलं उड्डाण खरं की खोटं, तपासायचं कसं?

खाडीपल्याड (रत्नागिरी):
वाचनालयात युद्धपट दाखवून त्यावर चर्चा ठेवतोय. येणाऱ्यांत मच्छीमार आहेत, कॉलेजची मुलं आहेत, दोन-तीन निवृत्त शिक्षक आहेत. विमानाची लढाई सुरू झाली की ‘हे काहीतरी खोटं वाटतंय’ असं सगळेच म्हणतात, पण नेमकं काय खोटं ते कुणाला सांगता येत नाही. विमानशास्त्र न शिकलेल्या माणसाने कशाकडे बघावं? आणि दुसरं म्हणजे, पाण्याला पोट घासेल इतकं खाली उडणारं जेट आणि त्याच्या दोन्ही बाजूंना उठणारा फवारा, हे आपल्या किनाऱ्यावर सहज पटेल असं दृश्य आहे. ते खरं असतं का?

रडारखाली (वेंगुर्ले):
रंग, बिल्ले, शेपटीवरचे आकडे हे सगळं नंतर. आधी मोबाइलचं स्टॉपवॉच काढा.

ताशी ९०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५० मीटर. मालवणच्या जेट्टीपासून सिंधुदुर्ग किल्ला एक किलोमीटरही नाही, म्हणजे तेवढं अंतर चार सेकंदांच्या आत संपतं. याच वेगात वैमानिकाने ६ जी (म्हणजे अंगावर स्वतःच्या वजनाच्या सहापट भार) ओढून वळण घेतलं तरी वळणाची त्रिज्या साधारण १,१०० मीटर येते आणि उलट दिशेला तोंड करायला १३-१४ सेकंद लागतात. पडद्यावर तेच विमान खाडीच्या दोन काठांच्या मधल्या मध्ये तीन सेकंदांत गर्रकन फिरलं तर ते संगणकावर फिरलेलं आहे. (वेग खूप कमी असेल तर वळण लहान होतं, पण मग पार्श्वभूमीही तितकी सपाट्याने मागे पळायला नको.)

दुसरी तपासणी क्षितिजाची. उंची न सोडता वळायचं तर विमान किती कललंय यावरून वैमानिकावर किती भार आहे ते कळतं. ४५ अंश कललं तर १.४ जी, ६० अंशाला २ जी, आणि ६ जी हवे असतील तर जवळजवळ ८० अंश, म्हणजे पंख उभाच. त्यामुळे खिडकीतून क्षितिज ४५ अंशांत दिसतंय आणि आत नायक दात-ओठ खातोय, मान लटकतेय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, असं असेल तर तो १.४ जीवर कण्हतोय. खऱ्या ९ जीमध्ये डोकं आणि हेल्मेट मिळून सहा किलो धरले तरी मानेवर ५४ किलो येतात. तेव्हा लांबलचक संवाद होत नाहीत. पोट-मांड्या आवळून, दर तीनेक सेकंदांनी झटक्यात श्वास बदलत एखादा शब्द बाहेर पडतो.

तिसरी गोष्ट गोळ्या. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश स्पिटफायर विमानाच्या सुरुवातीच्या आवृत्तीत आठ मशीनगन, प्रत्येकीला ३०० च्या आसपास गोळ्या. घोडा दाबून धरला तर पंधरा-सोळा सेकंदांत पेट्या रिकाम्या. १९७१ ला लोंगेवालात वापरलेल्या हंटर विमानाला ३० मिलिमीटरच्या चार एडन तोफा होत्या. त्यांचा मारा सात सेकंदांच्या आसपास संपतो. सिनेमात नायकाने घोडा दाबला की प्रत्येक वेळी सेकंद मोजून बेरीज करत जा. मुलांना हे काम द्या, त्यांना मजा येईल.

कानोसा (मालवण):
आधी डोळे मिटून आयका, मगे बघा.

३० अंश तापमानात आवाज सेकंदाला जवळपास ३५० मीटर जातो, म्हणजे किलोमीटरला तीन सेकंद. तीन किलोमीटरवर विमान फुटलं तर आधी लख्ख उजेड आणि नऊएक सेकंदांनी धमाका. वीज कडाडताना हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण थिएटरात कुणी आठवत नाही. विमान ध्वनीपेक्षा वेगाने येत असेल तर ते डोक्यावरून जाईपर्यंत काहीच ऐकू यायला नको. सिनेमात मात्र लांबून गुरगुर येते, सगळे वर बघतात, आणि मग ‘सुपरसॉनिक’ विमान येतं.

पडणाऱ्या विमानाची ती चढत जाणारी किंकाळी तर सर्रास चुकीची. जर्मन स्टुका विमानाच्या चाकांच्या पायाशी लहान पंख्यावर चालणारा भोंगा बसवत. तो सूर मारताना खालच्या लोकांना घाबरवण्यासाठी होता. हॉलीवूडने तो पेटून पडणाऱ्या कुठल्याही विमानाला लावला.

कॉकपिटमधला ‘मिसाइल लॉक’चा अलार्मही तपासा. रडार-इशारा यंत्र रडारच्या लहरी पकडतं. उष्णता शोधणारं क्षेपणास्त्र स्वतः लहरी सोडतच नाही, नुसतं बघतं. वेगळा क्षेपणास्त्र-सूचक नसेल तर ज्याच्यावर ते सोडलंय त्याला काही वाजून कळत नाही. सोडणाऱ्याच्या कानात मात्र गुरगुर येते. शिवाय क्षेपणास्त्राची मोटर काही सेकंदच जळते, पुढे ते मिळालेल्या वेगावर जातं. मिनिटभर धूर सोडत विमानाचा पाठलाग करणारं क्षेपणास्त्र ही दिवाळीतली वस्तू. आणि त्याला विमानाला टेकावंही लागत नाही, जवळून जातानाच ते फुटतं.

डेक_तीन (वास्को):
नौदलाचा सिनेमा लावणार असाल तर एवढं बघा.

१९७१ ची विक्रांत दाखवली असेल तर पुढचा डेक सपाट हवा. वर उचललेली घसरगुंडी, म्हणजे स्की-जंप, १९८० च्या दशकात सी हॅरियर विमानांसाठी आली. १९७१ ला बंगालच्या उपसागरातून उडालेली सी हॉक आणि अलिझे विमानं वाफेच्या कॅटापल्टवरून, म्हणजे डेकवरच्या गलोलीसारख्या यंत्राने, फेकली जात. उलट आजचं मिग-२९के स्की-जंपवरून स्वतःच्या ताकदीवर उडतं. चाकं अडवून धरलेली असतात, इंजिन आफ्टरबर्नरवर (मागे जादा इंधन जाळून मिळणाऱ्या जोरावर) जातं आणि मग अडसर खाली पडतो. मिगच्या पायाखालून वाफ निघताना दिसली तर ते दृश्य अमेरिकन जहाजावरून उचललंय.

उतरताना खरा वैमानिक विमान अलगद टेकवत नाही. ते डेकवर आपटतं, आणि टेकताक्षणी इंजिन पूर्ण जोरावर जातं, कारण शेपटीखालच्या हूकने विमान थांबवणारी डेकवरची तार पकडली नाही तर परत उडायला तीच ताकद लागते. टेकल्यावर इंजिन मंदावल्याचा आवाज आला की समजा, आवाज टाकणाऱ्याला रनवे आठवला.

सी हॉक ओळखायचं म्हणजे पंख सरळ, हवा आत घेणारी तोंडं पंखांच्या मुळाशी, आणि धूर शेपटीतून नाही तर पंखामागे दोन्ही कुशीतून. पंख मागे वळलेले दिसले तर बहुधा हंटर उभं केलंय. बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक आणि अलिझे दोन्ही आहेत. मुलांना घेऊन एकदा जाऊन या.

पडद्यामागे (अलिबाग):
वरचं सगळं मान्य, पण थोडं हात राखून. नायकाने उडताना ऑक्सिजन मास्क काढला म्हणून सिनेमाला शून्य गुण देऊ नका. मास्क आणि काळी काच लावलेले चार जण एकमेकांशी बोलले तर कोण मेला हेच कळणार नाही.

पर्यायी विमानांचंही तसंच. ‘टॉप गन’ (१९८६) मधलं ‘मिग-२८’ म्हणजे काळं रंगवलेलं अमेरिकन एफ-५. असं मिग कधी नव्हतंच. ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ (१९६९) मधली जर्मन मेसरश्मिट विमानं म्हणजे स्पेनमध्ये बनलेली बुचॉन, आणि त्यात गंमत म्हणजे इंजिन ब्रिटिश मर्लिन. मूळ जर्मन इंजिन उलटं बसायचं, म्हणून धुराड्यांची रांग नाकाच्या खालच्या अंगाला असते. बुचॉनला ती वर आहे. एकदा दिसलं की दिसतच राहतं. तरीही ती खरी विमानं आहेत. त्यांना वजन आहे, वळताना वेग कमी होतो, उंची हरवते. अचूक रंगवलेल्या पण वजन नसलेल्या संगणकी विमानापेक्षा मला ती शंभरदा चालतील.

ढगांकडेही लक्ष द्या. निळ्या मोकळ्या आकाशात विमान थांबल्यासारखं दिसतं, वेग कळायला मागे काहीतरी लागतं. ‘हेल्स एंजल्स’ (१९३०) च्या वेळी दिग्दर्शक हॉवर्ड ह्यूजने त्यासाठी ढगांची वाट बघत चित्रीकरण थांबवलं होतं.

खाडीपल्याड (रत्नागिरी):
हे सगळं छापून वाटतो. फवाऱ्याचं राहिलं. आणि कुणीतरी सांगितलं की पंखांवर पांढरी वाफ दिसली की तो ग्राफिक्सचा खेळ. ते खरं का?

रडारखाली (वेंगुर्ले):
वाफ खरी असते, आपल्याकडे तर जास्तच. जोरात वळताना पंखावरचा दाब उतरतो, हवा गार होते आणि दमट हवेतलं पाणी दिसायला लागतं. विमान सरळ झालं की ती लगेच विरायला हवी. आकाशात रेंगाळणारे पांढरे पट्टे वेगळे. त्यांना उणे ४० च्या आसपासची थंडी लागते, आणि ती आपल्या अक्षांशावर दहाएक किलोमीटर वर मिळते. होड्यांच्या डोक्यावर असे पट्टे काढणारं विमान खोटं.

फवाऱ्याचं म्हणाल तर हेलिकॉप्टर पाण्यावर तरंगत थांबलं की खाली गोल फवारा उठतो, तो अगदी खरा. जेट काही मीटरवरून गेलं तर पाणी विस्कटतं, पण विमान पुढे गेल्यावर, त्याच्या मागे. नाकाखालीच दोन भिंती उठल्या तर नका मानू.

त्यापेक्षा वैमानिकाची मान बघा. १५ मीटर उंचीवर ९०० च्या वेगात विमानाचा मार्ग एक अंशाने खाली झुकला तर साडेतीन सेकंदांत पाणी. त्यात एप्रिल-मेच्या धुरकट हवेत आपल्याकडे समुद्र आणि आकाश एकच होतं, क्षितिज सापडत नाही, आणि सपाट पाण्यावर उंचीचा अंदाज डोळ्यांना येत नाही. म्हणून रेडिओ अल्टिमीटरवर (रेडिओ लहरींनी खालच्या पाण्यापासूनची उंची मोजणाऱ्या यंत्रावर) किमान उंची लावून ठेवतात, तिच्या खाली गेलं की इशारा मिळतो. इतक्या खाली मागे वळून सोबत्याला अंगठा दाखवणारा नायक पुढच्या दृश्यात असायला नको.

एवढ्या खाली येतात ते रडार चुकवायला, आणि त्याचंही गणित आहे. दोन्ही उंच्यांची मीटरमध्ये वर्गमुळं काढा, बेरीज करा, ४.१२ ने गुणा, किलोमीटर मिळतात. रडार १०० मीटर उंच सड्यावर (किनाऱ्यालगतच्या खडकाळ पठारावर) आणि विमान १५ मीटरवर असेल तर साधारण ५७ किलोमीटर. म्हणजे दिसल्यापासून डोक्यावर यायला चार मिनिटंही नाहीत. पडद्यावर या वेळात सायरन, मंत्र्याला फोन, नायकाचं विमानाकडे धावणं आणि बायकोचा फोटो काढून बघणं एवढं सगळं बसवलेलं असेल, तर तिथेही स्टॉपवॉच लावा.