तानाजीच्या गोष्टीला रंग भरायची गरज होती का?

कडेकपारी: परवा इथे एकाने लिहिलं, "कादंबरीकारांनी रंग भरले नसते तर तानाजी कुणाला माहीत असता?" डोकंच फिरलं. अहो सभासद बखर उघडून बघा. उदेभानाशी लढताना तानाजीची ढाल तुटते, दुसरी वेळेवर मिळत नाही, मग तो डाव्या हातावरच वार झेलत लढतो आणि दोघंही पडतात. यात अजून कसले रंग भरायचेत? तिथे मावळे वानरासारखे कडा चढतात, घोरपडीचं नावही नाही. आणि सिंहगड हे नाव ४ फेब्रुवारी १६७० च्या लढाईनंतर पडलं म्हणतात, पण महाराजांच्या १६६३ च्या पत्रात ते आहे! माझ्या मुलीने पेपरात हेच लिहिलं तर मार्क कापले. विचारायला गेलो तर बाई म्हणाल्या, पुस्तकात आहे तेच लिहायचं.

डफवाला: घोरपड कादंबरीकारांच्या माथी मारू नका. ती घोरपड, यशवंती, तुळशीदासाच्या पोवाड्यात आहे, हरिभाऊ आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' कादंबरीच्या आधीपासून. माझे आजोबा तो म्हणायचे, घोरपड माघारी फिरते तिथे डफ थांबवायचे आणि अख्खं गाव चिडीचूप. त्यांना अक्षरओळखही नव्हती. खोटारडे ठरवणार का त्यांना?

रानवाटा: या गोष्टीपायी घोरपडीचे हाल होतात त्याचं काय? पकड घट्ट म्हणून तिची चरबी कंबरदुखीला लावतात. आमच्या बांधावरची एक अशीच मारली, पाय बांधून पोत्यात घातलेली मी बघितली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे तिला.

मांडवीकाठ: गोव्यात घुमट या मातीच्या वाद्याला तिचंच कातडं लागायचं, आता बकऱ्याचं लावतात. पण तो नाद नाही येत.

रानवाटा: नादासाठी जीव घ्यायचा??

मांडवीकाठ: मारा असं मी कुठे म्हटलं? आमच्या घरी चवथीच्या आरतीला बकऱ्याच्या कातड्याचंच घुमट वाजतं. आम्ही सोडलं ना, मग उगाच शिकारी का ठरवताय?

कडेकपारी: घुमटासाठी वेगळा धागा काढा हो. डफवाले, आजोबांना खोटारडं म्हणायची माझी हिंमत नाही, पोवाडा पोवाडाच राहू दे, एवढं मान्य. पण कादंबरीवाला प्रस्तावनेत साधनं अभ्यासली म्हणून सांगतो ना, मग शेवटी एक पान द्यावं, बखरीतलं काय आणि मनातलं काय.

डफवाला: पान द्या, माझी ना नाही. पण माझ्या चौथीतल्या पोराला आत्ता विचारलं, यशवंती लगेच सांगितली. ढालीचं विचारलं तर म्हणाला, कुठली ढाल?