लांब केस म्हणजे पर्शियन नव्हे

एकाने विचारलंय ना की दुकानदार मांजराचं पिल्लू पर्शियन जातीचं म्हणून देतोय, केस लांब आहेत, डोळे निळे आहेत, घेऊ का? अहो निळ्या डोळ्यांचं काही धरू नका, सगळ्याच मांजरांची पिल्लं निळे डोळे घेऊनच येतात, दीड-दोन महिन्यांत रंग बदलायला लागतो. केसांचंही तेच, आपल्याकडच्या गावठीतसुद्धा झुबकेदार शेपटीचं एखादं निघतंच. पर्शियन बघायचं तर तोंड बघा, गोल डोकं, बसकं नाक, आखूड पाय. नाक फारच चपटं असेल तर डोळ्यातून सारखं पाणी येतं, रोज पुसत बसावं लागतं, तेवढी तयारी हवी.

निळे डोळे कायम राहतात ते सयामीसारख्या जातीच्या मांजरांचे. मावशीकडे होती एक सयामी, बोलघेवडी नुसती, दूध उशिरा आलं की भांडायची. सयामीची पिल्लं जन्मतात जवळजवळ पांढरी, मग कान, नाक, पंजे, शेपटी काळपट होत जातात, कारण रंग बनवणारं एन्झाइम अंगाच्या थंड भागातच नीट काम करतं. मावशीच्या माऊचं ऑपरेशन झालं तेव्हा पोटावरचे केस काढले होते, तिथे नवे केस आले ते चक्क गडद, आम्हाला वाटलं डाग पडला!

आणि ते दुमडक्या कानांचं स्कॉटिश फोल्ड मात्र नकोच. ज्या जीनने कान दुमडतात तोच सांध्यांची कूर्चा बिघडवतो, बिचारं लंगडत जगतं.