‘इन्कम टॅक्स ऑफिसमधून बोलतोय…’ : तोतया अधिकाऱ्यांच्या फोनचे तुमचे अनुभव लिहा

रिटर्न भरायचे दिवस आले की हे फोन सुरू होतात, आणि लोकांचे रिफंड जमा व्हायला लागले की वाढतात. इन्कम टॅक्सचं नाव कानावर पडताच चांगला सावध माणूससुद्धा गडबडतो. आपलं काही राहिलं तर नसेल, ही धाकधूक प्रत्येकाच्या मनात असतेच आणि भामटा नेमकी तीच धरतो.

तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला असा फोन आला असेल तर सविस्तर लिहा. समोरच्याला तुमची काय माहिती होती, त्यानं काय मागितलं, आणि फोन ठेवल्यावर तुम्ही कुठे कळवलं का? यातला शेवटचा प्रश्न मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. आपण फोन ठेवतो, नंबर ब्लॉक करतो आणि विसरून जातो. तोच नंबर मग दुसऱ्या कुणाच्या तरी आईला लावला जातो. कृपया कुणाचं नाव, पॅन किंवा फोन नंबर इथे लिहू नका.

निवृत्त शिक्षिका

मला आलेला फोन धमकीचा नव्हता, रिफंडचा होता. बाई मराठीत आणि अगदी अदबीनं बोलत होती. माझं पूर्ण नाव, पॅन, जन्मतारीख सगळं तिच्यापाशी होतं. “मॅडम, तुमचा रिफंड खात्यात जात नाहीये, मी खातं व्हॅलिडेट करून देते,” असं म्हणून तिनं डेबिट कार्डाचा नंबर मागितला. तिथे मला खटकलं. रिफंड खात्यात जमा होतो, त्याला कार्डाचं काय काम? मी प्राप्तिकर खात्याच्या पोर्टलवर बघते म्हटल्यावर तिचा सूरच बदलला. आज झालं नाही तर पैसे परत सरकारजमा होतील म्हणाली. मी फोन ठेवला. पोर्टलवर माझं खातं आधीपासूनच व्हॅलिडेट झालेलं होतं आणि रिफंड यथावकाश आला. पॅन आणि जन्मतारीख माहीत आहे म्हणून माणूस खात्याचा, असं समजू नका. आपण किती ठिकाणी पॅनची झेरॉक्स देत आलोय, आठवून पाहा.

कर सल्लागाराच्या कार्यालयात काम करणारी

वर बाईंनी केलं ते अगदी बरोबर. आमच्याकडे असे घाबरलेले अशील नेहमी येतात, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

खात्याकडून फोन कधीच येत नाही असं मी म्हणणार नाही. थकलेल्या कराच्या मागणीची आठवण करून देणारे खरे फोन येतात, एसएमएस आणि ईमेल तर येतातच. पण खरा अधिकारी ओटीपी, पिन, पासवर्ड किंवा कार्डाचा नंबर विचारत नाही, आणि “फोन ठेवू नका” असं म्हणत नाही. तुमच्याविरुद्ध खरोखर काही असेल तर ते पोर्टलवर तुमच्या लॉगिनमध्ये ई-प्रोसीडिंग्ज या विभागात किंवा थकीत मागणीच्या पानावर दिसतंच.

दुसरं म्हणजे डीआयएन, म्हणजे खात्याच्या प्रत्येक कागदाचा ओळख क्रमांक. १ ऑक्टोबर २०१९ पासून प्राप्तिकर विभागाच्या नोटिशीवर, आदेशावर, पत्रावर हा क्रमांक असावा लागतो. अगदी मोजके अपवाद आहेत, आणि त्यांचं कारणही पत्रातच लिहावं लागतं. ई-फायलिंग पोर्टलच्या पहिल्या पानावर नोटीस पडताळायची सोय आहे, तिला लॉगिनसुद्धा लागत नाही. मात्र पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या नोटिशीखाली पडताळणीची लिंक दिलेली असेल तर तिला हात लावू नका. ती लिंक त्यांचीच असते. लेटरहेड, अशोकस्तंभ, गोल शिक्का, हिरवी सही हे सगळं आता कुणीही घरी बसून बनवतो. आमच्याकडे आलेल्या एका नोटिशीवर डीआयएनही होता, पण पोर्टलवर टाकल्यावर असा क्रमांकच नाही असं उत्तर आलं.

आणि कर भरायचा तो पोर्टलवरच्या ई-पे टॅक्समधून, चलन काढून. यूपीआयनंही भरता येतो, पण त्याच पानावरून. कुणा माणसाच्या नावाच्या यूपीआयवर सरकारचा कर जात नाही. हे एवढं वाक्य घरातल्या मोठ्यांना सांगून ठेवा.

हार्डवेअरचं दुकान आहे

आमच्याकडे जीएसटीवाले येतात, म्हणजे तोतया. “शेठ, ई-वे बिलात तफावत आहे, नंबर सस्पेंड होतोय, साहेब गाडीत बसलेत, आत्ता मिटवायचं का?” जीएसटी नंबरावरून धंद्याचं नाव-पत्ता कुणालाही बघता येतो, त्यामुळे त्यांना सगळं पाठ असतं. मी एकच म्हणालो, समन्स पाठवा. पाठवलं पण! पीडीएफ, सही-शिक्क्यासकट. केंद्रीय जीएसटीच्या पोर्टलबाहेरून पाठवलेल्या पत्रांनाही डीआयएन लागतो (८ नोव्हेंबर २०१९ पासूनचा नियम) आणि तो सीबीआयसी म्हणजे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या वेबसाइटवर तपासता येतो. आमच्या अकाउंटंटनं तपासला, खोटा निघाला. शेजारच्या दुकानदाराला मात्र त्याच आठवड्यात लुबाडलं. मिटवामिटवीची सवय लागलेल्या धंद्यात ही माणसं बरोबर शिरतात, हे मला मनापासून बोचतं.

बँकेत काउंटरवर असतो

एक आजोबा मुदतठेव मोडायला आले. फोन शर्टाच्या खिशात, कॉल चालूच. कशासाठी मोडताय विचारलं तर म्हणाले, “घरचं काम आहे.” नजर मात्र खिशाकडे. मी कागदावर लिहून विचारलं, कुणी धमकावतंय का? त्यांनी होकारार्थी मान हलवली. त्यांना सांगितलं होतं की कर चुकवल्याचा गुन्हा आहे, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये, म्हणजे फोनवरच अटकेत आहात, बँकेत कुणाशी बोललात तर मुलालाही अटक होईल.

डिजिटल अरेस्ट असा प्रकार कायद्यात नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्येही हे सांगितलं होतं. तरी त्या क्षणी माणसाला ते आठवत नाही, कारण त्याला विचार करायला उसंतच देत नाहीत. मॅनेजरनी आजोबांना आत बसवलं, पाणी दिलं आणि कॉल कापला. ते बराच वेळ थरथरत होते. घरी कुणाला सांगू नका, असं सांगणारा माणूस कुठल्याही खात्याचा असो, तो चोर आहे.

आईच्या वतीनं लिहितोय

आमचे पैसे गेले. आईला “कर थकलाय, अटक वॉरंट निघालंय” असं सांगून आरटीजीएस करायला लावलं. तिनं संध्याकाळी मला सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस असं बायकोनं आधीच बजावलं होतं, ते फार बरं झालं, नाहीतर आईनं पुढचं काही सांगितलंच नसतं.

लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला. लाइन लागेपर्यंत पुन्हा पुन्हा लावत राहिलो. त्यांनी व्यवहाराचा यूटीआर (बँकेनं दिलेला संदर्भ) क्रमांक, वेळ, रक्कम आणि आईचं खातं विचारलं, म्हणून ते हाताशी ठेवा. पोच क्रमांक मिळाला. मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार पूर्ण केली आणि बँकेलाही लेखी कळवलं. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात उडत असतात, आणि तक्रार जितकी लवकर तितके ते वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त. आमची काही रक्कम अशीच एका खात्यात गोठवली गेली. बाकीची गेली.

बँकेला कळवण्याबद्दल आणखी एक. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, आपल्या हातून ओटीपी वगैरे दिला गेला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतर होणारं बँकेचं. म्हणून रात्र असो, सुट्टी असो, आधी कळवा.

अमेरिकेतून

इथे हेच लोक ‘आयआरएस’ म्हणजे अमेरिकेचं करखातं होतात. आम्हा व्हिसावर असणाऱ्यांना डिपोर्ट करण्याची धमकी देतात आणि कर चक्क गिफ्ट कार्डानं भरायला सांगतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले तेव्हा कळलं की अमेरिकनांना असे फोन तिथून जात होते आणि फोनवर विशी-पंचविशीतली मुलं होती. ती बातमी वाचून मला शरम वाटली होती. इथे कुणाला असा फोन आला तर टिग्टा या तपास यंत्रणेच्या वेबसाइटवर कळवता येतं. आयआरएस पहिल्यांदा सहसा टपालानं पत्र पाठवते, आणि खरंच काही देणं आहे का हे त्यांच्या साइटवरच्या आपल्या खात्यात दिसतं.

आयटीवाला

फोनबरोबर “रिफंडचं अ‍ॅप” म्हणून एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून थेट टाकायचं अ‍ॅप) आली तर इन्स्टॉल करू नका. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनं ‘ड्रिनिक’ नावाच्या अशाच अ‍ॅपबद्दल इशारा दिला होता. ते प्राप्तिकर रिफंडच्या नावाखाली बँकेचे तपशील चोरायचं. चुकून टाकलंच असेल तर आधी इंटरनेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा.

एक शंका

पैसे गेले नाहीत, नुसता फोन आला. तरी १९३० ला सांगायचं का?

कर सल्लागाराच्या कार्यालयात काम करणारी

नाही, १९३० पैसे गेलेल्यांसाठी मोकळा राहू द्या. नुसत्या फोनसाठी दूरसंचार विभागाच्या संचार साथीवर ‘चक्षू’ ही तक्रारीची सोय आहे. मार्च २०२४ पासून सुरू आहे, वेबसाइटवरही आणि अ‍ॅपवरही. फोन, एसएमएस की व्हॉट्सअ‍ॅप ते निवडायचं, कोणाचं सोंग घेतलं होतं ते सांगायचं, तारीख, वेळ आणि असेल तर स्क्रीनशॉट द्यायचा. फार जुना फोन ते घेत नाहीत, तेव्हा त्याच दिवशी करा. अनेक तक्रारी एकाच नंबराविरुद्ध आल्या तर तो तपासून बंद करता येतो. नंबर ब्लॉक करण्याआधी कॉल लॉगचा स्क्रीनशॉट तेवढा काढून ठेवा, नंतर शोधाशोध होते.