मदत हवी आहे: ल्युबेकचे १० मार्कचे सोन्याचे नाणे कागदपत्रांशिवाय घ्यावे का?

नमस्कार मंडळी,

नोकरीनिमित्त जर्मनीत असतो. जर्मन साम्राज्याच्या काळातली (१८७१ ते १९१८) मुक्त शहरांची सोन्याची नाणी जमवतो आहे. साम्राज्यात राजे पुष्कळ होते आणि सोन्याच्या नाण्यावर ज्याचा त्याचा चेहरा असे. हॅम्बुर्ग, ब्रेमेन आणि ल्युबेक या तिघांना राजाच नव्हता, त्यामुळे त्यांच्या नाण्यांवर शहराचे चिन्ह आले: हॅम्बुर्गचा तीन बुरुजांचा किल्ला, ब्रेमेनची किल्ली, ल्युबेकचा दुतोंडी गरुड. (फ्रँकफुर्टही मुक्त शहर होते, पण १८६६ मध्ये प्रशियाने ते घशात घातले.) व्यापाऱ्यांच्या शहराने सोन्यावर स्वतःची खूण उमटवावी, हे मला फार आवडते.

हॅम्बुर्ग बऱ्यापैकी जमले आहे. तिथली २० मार्कची नाणी भरपूर निघाली आणि साधी वर्षे सोन्याच्या भावाच्या आसपास मिळतात. ब्रेमेनने सोन्याची दोनच काढली, १९०६ चे २० मार्क आणि १९०७ चे १० मार्क. ती सध्या बाजूला ठेवली आहेत.

अडलंय ते ल्युबेकपाशी. तिथे २० मार्क कधी पाडलेच नाहीत. फक्त १० मार्क, तेही १९०१, १९०४, १९०५, १९०६, १९०९ आणि १९१० या वर्षांचे, दर वर्षी जेमतेम दहा हजारांच्या घरात. साहजिकच किंमत सोन्याच्या भावापेक्षा बरीच जास्त.

एका खाजगी विक्रेत्याकडे १९०६ चे नाणे आहे. कागद काही नाही. त्याच्यासमोरच काट्यावर टाकले: ३.९८ ग्रॅम. व्यास १९.५ मिमी, टांकसाळीची खूण A म्हणजे बर्लिन. सगळे बरोबर. "वजन जुळतंय, मग शंका कसली?" असे त्याचे म्हणणे. पण ९०० टंचाच्या खऱ्या सोन्यात पाडलेल्या नकला असतात, हे ऐकून आहे. मग घरच्या घरी आणखी काय तपासता येईल? आणि १९०५ मध्ये गरुडाची रचना बदलली, तर जुना आणि नवा असे दोन्ही प्रकार घ्यावेत का?

प्रतिसाद

तुमची शंका रास्त आहे. अशा नाण्यात पैसा दुर्मिळतेचा असतो, म्हणून नकल करणारा सोन्यात कंजुषी करत नाही. वजनावरून फक्त सोने कळते, नाणे कळत नाही.

आधी कड पाहा. १० मार्कच्या कडेवर वेलबुट्टी आणि तारे खोलगट कोरलेले असतात. २० मार्कच्या कडेवर "गॉट मिट उन्स" ही अक्षरे असतात, ती इथे शोधू नका. मग दहापट भिंगाखाली गरुडाभोवतीचा मोकळा भाग तिरप्या उजेडात फिरवून बघा. बारीक उंचवटे, अक्षरांच्या कडा लोण्यासारख्या गोलसर, काठालगतचे दाते कुठे पुसट कुठे ठळक, असे काही दिसले तर हात आखडता घ्या. खऱ्या नाण्यावरून साचा उचलला असेल तर त्या नाण्यावरचा ओरखडाही नकलेत जसाच्या तसा उतरतो. म्हणून लिलावात विकल्या गेलेल्या १९०६ च्या नाण्यांचे फोटो शेजारी ठेवून ताडून पाहा.

एवढे करूनही मी स्वतः कागदाशिवाय घेणार नाही. विक्रेत्याला म्हणा, नाणे पीसीजीएस किंवा एनजीसीकडे (नाणी तपासून नंबर घातलेल्या सीलबंद डबीत परत देणाऱ्या संस्था) पाठवू, खरे निघाले तर खर्च माझा. तयार नसेल तर सोडून द्या. सीलबंद डबीतले घेतलेत तरी तिच्यावरचा नंबर त्यांच्या संकेतस्थळावर पडताळा आणि तिथे फोटो असेल तर तो हातातल्या नाण्याशी जुळवा.

प्रकाराचे म्हणाल तर आधी १९०५ नंतरचे एक चांगले घ्या. १९०१ किंवा १९०४ चे सावकाश बघा. आणि घासून चकचकीत केलेले स्वस्तात मिळाले तरी नको, विकायच्या वेळी गिऱ्हाईक मिळत नाही.

धागाकर्ता

मनापासून आभार. कड पाहिलीच नव्हती, शनिवारी भिंग घेऊन जातो. तपासणीचा खर्च माझा, हे त्याला आजच कळवले आहे. त्याचे उत्तर आले की इथेच लिहितो, आणि परवानगी दिली तर कडेचे फोटोही टाकतो.