मदत हवी आहे: तेल पिणाऱ्या बुशसारखा औषध पिणारा रॉड असतो का?

मंडळी, इंदूरहून लिहितोय. धाकट्या भावाच्या नडगीत गेल्या वर्षी रॉड घातला. गाडीवरून पडला होता, हाड कातडी फाडून बाहेर आलेलं. जखम भरली, तो चालायला लागला, आणि आठव्या महिन्यात नडगीवर सुपारीएवढा फोड आला. फुटला. तेव्हापासून रोज पट्टीवर पिवळा डाग. कल्चरमध्ये (पुवातले जंतू वाढवून करतात ती तपासणी) एमआरएसए निघालाय, म्हणजे नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिकला दाद न देणारा जंतू. डॉक्टर म्हणतात, रॉड काढू, हाड आतून खरवडू आणि व्हॅन्कोमायसिन-जेंटामायसिन ही अँटिबायोटिक्स कालवलेल्या सिमेंटचा (हाडासाठी वापरतात ते, बांधकामाचं नव्हे) रॉड घालू. सहा-आठ आठवड्यांनी तो काढून पुन्हा पक्का रॉड. म्हणजे आणखी दोन ऑपरेशनं. आईने तर ऐकूनच डोक्याला हात लावला.

आता माझी शंका. सांवेर रोडला सिंटर बुशच्या (फिरणाऱ्या दांड्याभोवती बसते ती धातूची नळी) कारखान्यात मी सतरा वर्षं आहे. ब्रॉन्झची पावडर दाबायची, भट्टीत भाजायची; कण एकमेकांना चिकटतात नि मधे जागा राहते, पाचवा हिस्सा म्हणा. मग व्हॅक्यूममध्ये तेल पाजायचं. वरून कोरडा दिसणारा बुश चिमट्यात धरून खाली लायटर लावला की घाम फुटावा तसे तेलाचे थेंब येतात, गार झाला की परत आत. नवीन गिऱ्हाईक आलं की हा खेळ मी हमखास दाखवतो.

मग रॉडच असा सच्छिद्र करून त्याला अँटिबायोटिक का पाजत नाहीत? सच्छिद्र टॅन्टलम धातूचे, खुब्याच्या सांध्यात बसवायचे कप असतात, त्यात ७५ ते ८० टक्के पोकळी असते असं वाचलं. आमच्या बुशच्या चौपट! शिवाय ते सिमेंट काढावंच का लागतं? ओपीडीत पाच मिनिटं मिळतात, त्यात बुशची गोष्ट कुठे काढू?

प्रतिसाद १
ऑर्थोच्या वॉर्डात काम करतो, म्हणून लिहितो. बुशचा दाखला आवडला, पण तो जिथे मोडतो तिथेच तुमचं उत्तर आहे. तुमचं तेल दाट, छिद्रं अगदी बारीक, आणि बाहेर आलेलं तेल परत आत जातं. टॅन्टलमची छिद्रं साधारण अर्धा मिलिमीटरची, ती मुळात हाड आत शिरावं म्हणून ठेवलेली. पाण्यात विरघळणारं औषध तिथून बघता बघता धुऊन जातं आणि परत येत नाही. मागे उरतात रिकाम्या खोल्या. जंतूंना तेच हवं असतं. एकदा त्यांचा चिकट थर बसला की नेहमीच्या शेकडो पट औषध लागतं; तेवढं शिरेतून दिलं तर मूत्रपिंडं आधी बोलतील. म्हणून औषध जागेवरच द्यायचं.

छिद्रं नॅनोमीटरची (मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या मापातली) करून बघतात. टायटॅनियमवर विजेच्या साहाय्याने नळ्या उगवतात नि त्यात जेंटामायसिन भरतात. पहिल्या काही तासांतच बरंचसं बाहेर पडतं, म्हणून वर पॉलिमरचं झाकण लावतात. हे अजून बहुतेक प्रयोगशाळेत. युरोपात जेंटामायसिनचा थर दिलेला नडगीचा रॉड रुग्णांना घातला गेला आहे, पण तो ताज्या मोडीत जंतू बसू नयेत म्हणून. शिवाय अख्खा सच्छिद्र रॉड पायाचं वजन घेता घेता थकून तुटेल, हे तुम्हाला मी काय सांगू.

सिमेंटमध्ये अँटिबायोटिक घालायची युक्ती १९७० च्या सुमारास हॅम्बुर्गच्या बुखहोल्ट्झ यांनी काढली. त्यातूनही पहिल्या काही दिवसांतच जास्त औषध येतं, उरलेलं बरंचसं आत अडकून बसतं. औषध आटलं की ते सिमेंट म्हणजे पुन्हा एक परकी वस्तू. म्हणून काढतात.

प्रतिसाद २
काढावंच लागू नये असं हवं असेल तर कॅल्शियम सल्फेटच्या गोळ्यांबद्दल विचारा. औषध मिसळतात, काही आठवड्यांत विरघळतात. माझ्या मावशींना घातल्या होत्या. जखमेतून पाणी गळत होतं, घाबरलो होतो आम्ही. मात्र त्या वजन पेलत नाहीत, रॉड लागतोच.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. ‘परत येत नाही’ हे वाचलं आणि डोक्यात बसलं. अजून एक अडलंय. भावाला रिफॅम्पिसिन या अँटिबायोटिकच्या गोळ्याही चालू आहेत (लघवी शेंदरी झाली तेव्हा घरात रडारड). तेच औषध सिमेंटमध्ये का नाही घालत?

प्रतिसाद १
सिमेंट धड घट्टच होत नाही त्याने. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. आणि ओपीडीत जाताना एक बुश खिशात ठेवा. सर्जन लोकांना अशा वस्तू हातात घेऊन बघायला आवडतात.