सासूबाईंची स्कूटर विमानाने आणि क्रूझने न्यायची की घरीच ठेवायची? मत सांगा

शहापूरची_सून
नणंद सिंगापूरला असते, तिने सासू-सासऱ्यांसाठी तिथूनच सुटणारी क्रूझ बुक केलीय. सासूबाईंना संधिवात, गुडघे पार गेलेत, घरात काठीवर भागतं पण उंबऱ्याबाहेर पडलं की बॅटरीवरची मोबिलिटी स्कूटर. कपिलेश्वराला, भाजीला, गल्लीतल्या हळदी-कुंकवाला, सगळीकडे तीच. आता धाकटे दीर म्हणतात, वहिनी ते धूड कशाला विमानात, एअरपोर्टवाले व्हीलचेअर देतात की फुकट.

माझं म्हणणं, न्यायचीच. व्हीलचेअर गेटपर्यंत ठीक हो, पण ढकलणारा जिकडे तोंड करून ठेवून जाईल तिकडे बघत बसायचं. मागे एकदा एका मोठ्या एअरपोर्टवर असंच झालं, कॉफीचं दुकान पाठीमागे आणि ह्या आपल्या भिंतीवरच्या लाल सिलिंडरकडे बघत बसलेल्या, वळायचं तर कुणाला तरी हाक मारायची. घरात सगळ्यांवर हुकूम चालवणारी बाई, तिथे अगदी गप्प. स्कूटरवर त्या स्वतः जातात, थांबतात, परत फिरतात. तुम्हाला काय वाटतं?

निपाणीचा_पाव्हणा
ताई, राग मानू नका, पण मी दिरांच्या बाजूने. सांबऱ्याहून, म्हणजे आपल्या बेळगावच्या विमानतळावरून, बेंगळुरूला जाणारं विमान एटीआर (पंख्याचं छोटं विमान) निघालं तर त्याचं सामानाचं दार केवढं, आत जागा केवढी ते बघा आधी. बेंगळुरूला विमान बदलायचं, तिथे दुसरी कंपनी, म्हणजे परवानगी दोघांकडून. आणि लोडर लोक सामान कसं टाकतात ते खिडकीतून बघितलंय सगळ्यांनी. सिंगापूरला उतरल्यावर हँडल वाकडं निघालं तर काय, क्रूझवर जायचं का दुरुस्तीवाला शोधत फिरायचं? ट्रिप म्हाताऱ्या माणसांची आहे, तुमच्या तत्त्वाची नाही.

गोवावेस_बॅटरीवाला
तत्त्व बाजूला ठेवा, आधी बॅटरीवरचं लेबल वाचा. लिथियम असली तर व्होल्ट गुणिले एएच (अँपिअर-अवर) म्हणजे वॉट-अवर, बॅटरीत किती वीज मावते ते. २४ व्होल्ट १२ एएच म्हणजे २८८, चालतंय. ३६ व्होल्ट १० एएच म्हणजे ३६०, इथं अडतंय. कारण आयाटाच्या, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, नियमात काढता येणारी लिथियम बॅटरी ३०० वॉट-अवरच्या आत लागते, ती गाडीतून काढून, टर्मिनल झाकून, केबिनमध्ये स्वतःजवळ ठेवायची, बॅगेत भरून खाली सोडायची नाही. कायमची बसवलेली बॅटरी असेल तर नियम वेगळा, ती गाडीबरोबर खाली जाते पण नीट बंद आणि सुरक्षित पाहिजे. जुनी सीलबंद जेल बॅटरी असली तर तीही जाते, फक्त सांडणारी नाही हे दाखवता आलं पाहिजे, आणि अशी गाडी जड होते ते वेगळं. काहीही असो, विमान कंपनीची मंजुरी आधी. काउंटरवर जाऊन "बॅटरी आहे ओ" म्हणून सांगितलं की झालं रामायण सुरू.

खानापूरची_मावशी
मी स्वतः व्हीलचेअरवाली आहे, दोन्ही बाजू बघितल्यात. मला ढकलून घेण्यात काही कमीपणा वाटत नाही, मुलगा ढकलतो, गप्पा होतात, हसतो. सगळं स्वतःच करायचा हट्ट कशाला ओ? आणि सासूबाईंना विचारलंय का कुणी? सून म्हणते न्यायची, दीर म्हणतात नको, त्या काय म्हणतात?

शहापूरची_सून
मावशी, विचारलं की. त्या म्हणाल्या "माझी गाडी नसंल तर मी येत नाही, तुम्ही जाऊन या." झालं समाधान?

खानापूरची_मावशी
मग धागा कशाला काढलात बाई, दिरांना वाचायला?

शहापूरची_सून
होय, तेच आहे 😄

कोर्टाच्या_आवारातून
हसताय तर हसा, पण हक्काचं कुणी बोललंच नाही. डीजीसीएचे (विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं) दिव्यांग आणि कमी हालचाल असलेल्या प्रवाशांसाठी नियम आहेत, मदत हवी तर ४८ तास आधी कळवायचं. दिव्यांग म्हणून विमानातून उतरवलेल्या जीजा घोष यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये विमान कंपनीला १० लाखांची भरपाई द्यायला लावली. आंतरराष्ट्रीय प्रवासात सामानाचं नुकसान झालं तर माँट्रियल करारात कंपनीची जबाबदारी माणशी १,५१९ एसडीआरपर्यंत (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) आहे, २०२४ च्या डिसेंबरअखेरपासून, म्हणजे आपल्या पैशात दीड लाखाच्या पुढे. गाडी त्याहून महाग असेल तर चेक-इनलाच जास्त किंमत जाहीर करता येते, त्याचे पैसे वेगळे. निघण्याआधी गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढा, ट्रिप संपल्यावर काढून काही उपयोग नाही.

निपाणीचा_पाव्हणा
वकीलसाहेब, भरपाई मिळेपर्यंत क्रूझ फिरून परत आलेली असते. कागदावर जिंकून बंदरावर बसायचं का?

जहाजावरचा_चीफ_निवृत्त
मी मालवाहू जहाजावर होतो, क्रूझवर नाही, पण आगीचे नियम तेच. स्कूटर केबिनबाहेर पॅसेजमध्ये लावू देत नाहीत, तो पळायचा रस्ता असतो. म्हणजे ती केबिनच्या आत मावली पाहिजे. साध्या केबिनचं दार जेमतेम दोन फुटाचं, रुंद दाराच्या अॅक्सेसिबल केबिन मोजक्याच आणि त्या सगळ्यात आधी जातात. नणंदेने कुठली घेतलीय? हे विमानाच्या आधी विचारायला पाहिजे होतं.

दुसरं, प्रत्येक ठिकाणी जहाज धक्क्याला लागतं असं नाही. कुठे कुठे बाहेर नांगर टाकतात आणि छोट्या बोटीतून नेतात, लाटेवर बोट वरखाली होत असते, तिथे स्कूटर बहुतेक नाहीच म्हणतात. त्या दिवशी सासूबाई डेकवरच. आणि आगीचा अलार्म झाला की लिफ्ट वापरायची नाही, मग जिन्याने उचलूनच न्यावं लागतं, स्कूटर असो नसो. त्यामुळे कंपनीच्या फॉर्मवर खरं काय ते लिहा, "थोडं चालता येतं" असलं गुळमुळीत नको.

अमेरिका-युरोपच्या मोठ्या बंदरांवर भाड्याची स्कूटर थेट केबिनमध्ये पोचवणाऱ्या कंपन्या आहेत. मी असतो तर तसंच काही सिंगापूरला मिळतंय का बघितलं असतं. आपली गाडी बेळगावच्या खड्ड्यांना ठेवा.

गोवावेस_बॅटरीवाला
चीफ, भाड्याच्या गाडीचा ब्रेक लिव्हर हाताला वेगळा लागतो ओ. संधिवाताची बोटं, सवयीच्या लिव्हरवरच चालतात. आणि सिंगापूरच्या संसदेने २०२५ मध्ये कायदा बदललाय, मोबिलिटी स्कूटरला डॉक्टरचा दाखला आणि वेग ताशी ६ किमी, तेव्हा आपली असो की भाड्याची, दाखला इंग्रजीत करून घेतलेला बरा.

एक गोष्ट मात्र नक्की करा. गाडी न्यूट्रल करायचा छोटा दांडा असतो मागच्या चाकापाशी, तो न्यूट्रलला नेला नाही तर चाकं लॉक. लोडरला माहीत नसतं, तो ओढतो, गाडी हलत नाही, मग चौघं मिळून उचलतात आणि आपटतात. निम्मी मोडतोड इथंच होते, माझ्याकडे दुरुस्तीला येतात म्हणून सांगतोय. त्या दांड्याला लाल टेप गुंडाळा, हँडलला चित्र काढलेला कागद प्लास्टिकमध्ये घालून बांधा, चित्रच, कारण तिथला माणूस कन्नड वाचणारा, तमिळ वाचणारा की चिनी, कुणास ठाऊक. चावी, पुढची बास्केट, गादी काढून स्वतःजवळ.

मच्छे_एक्सप्रेस
बेंगळुरूपर्यंत विमान कशाला, वंदे भारत चालू झालीय ऑगस्ट २०२५ पासून. एटीआरचा प्रश्नच मिटला. कर्नाटकवाल्यांनी एवढं तरी दिलं आपल्याला.

निपाणीचा_पाव्हणा
हे आलंच, कुठल्याही धाग्यात सीमाप्रश्न घुसवल्याशिवाय जमत नाही 😂 आणि रेल्वेने गेलं तरी बेंगळुरूच्या स्टेशनापासून विमानतळ किती लांब, तिथे स्कूटर टॅक्सीच्या डिकीत घालणार कोण, तू येणार काय?

शहापूरची_सून
बॅटरीचं लेबल बघितलं, २४ व्होल्ट १० एएच, लिथियम, काढता येते. म्हणजे २४०. नणंदेला फोन केला, केबिन साधीच घेतलीय, ती आता बदलून मागतेय, मिळते का बघू. चीफकाका, हे तुम्ही बोलला नसता तर दारातच अडकलो असतो. भाड्याचं नको, सासूबाई ऐकणार नाहीत. दीर अजून म्हणतात "बघा काय ते".

निपाणीचा_पाव्हणा
केबिन मिळाली नाही तर माझंच खरं, आत्ताच सांगून ठेवतो. आणि मिळालीच तर दोन्ही विमान कंपन्यांना गाडीची लांबी-रुंदी-उंची, वजन आणि बॅटरीचं लेबल मेलवर पाठवा, "चालेल" हे उत्तर लेखी घ्या आणि प्रिंट सासऱ्यांच्या खिशात द्या. फोनवर होय म्हणणारा माणूस काउंटरवर नसतो.

शहापूरची_सून
सासऱ्यांच्या खिशात नको, ते तंबाखूच्या पुडीबरोबर हरवतील. सासूबाईंच्या पर्समध्ये ठेवते.